पोपटाच्या पिंजऱ्यात कापडी हट ठेवायचा का, आणि ठेवला असेल तर काढायचा कसा

थंडी सुरू झाली की पक्षी पाळणाऱ्यांच्या घरात एक वस्तू हमखास येते, तो मऊ मऊ कापडी हट. तंबूसारखा त्रिकोणी, आतून फर नाहीतर फ्लीस, वरती दोन हुक, पिंजऱ्याच्या वरच्या सळयांना अडकवायचा की झालं. दिसायला इतका गोड की दुकानात हातातून सोडवत नाही, आणि पिल्लू आत शिरून नुसती चोच बाहेर काढून बसलं की तर काय, फोन भरून जातो फोटोंनी. मीपण घेतला होता, वर्षभर वापरला. आता कुणी विचारलं की सरळ सांगते, घेऊ नका आणि घेतला असेल तर काढा. का ते सांगतेच, पण कसा काढायचा तेही सांगते, कारण "काढून टाका" म्हणणारे पुष्कळ भेटतात, हटशिवाय पक्षी रात्री किंचाळायला लागला की काय करायचं ते कुणी सांगत नाही.

आमचा ढब्बू म्हणजे ग्रीन चीक कोन्यूर, बाहेरच्या देशातला छोटासा पोपट, वजन ६८ ग्रॅम. आम्ही पाषाणला राहतो आणि ज्यांना पुण्याची थंडी माहितीये त्यांना माहितीये की शिवाजीनगर-पाषाणला पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा मगरपट्ट्याला लोक साध्या चादरीवर झोपलेले असतात. ढब्बू आला तेव्हा नुकता स्वतःच्या चोचीने खायला शिकला होता, डिसेंबर होता, आणि सासूबाई म्हणाल्या "अगं एवढासा जीव तो, गारठेल, काहीतरी पांघरायला घाल की त्याला." त्यात काही चूक नव्हतं, आपल्याला जशी गोधडी तसं त्यालाही काहीतरी ऊबदार हवं असंच मलाही वाटलं. म्हणून हट.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत पहाटे साडेपाचला मला जाग आली ती एका वेगळ्याच आवाजाने. रोजचं ओरडणं नव्हतं ते, बारीक, तुटक, एकसारखं चिक चिक. लाइट लावला तर ढब्बू हटच्या तोंडाशी उलटा लटकलेला आणि पंख आपटत होता. हटच्या आतल्या शिवणीचा नायलॉनचा दोरा, केसाएवढा बारीक, त्याच्या उजव्या पायाच्या मागच्या बोटाला तीन-चार वेढे घालून बसला होता आणि जितका तो ओढायचा तितका आवळायचा. नवऱ्याने त्याला नॅपकिनमध्ये धरलं, सासूबाईंनी त्यांचं पंचांग वाचायचं भिंग आणलं आणि मी नेलकटरबरोबरच्या छोट्या कात्रीने आधी हट आणि पाय यांच्यामधला दोरा कापला म्हणजे निदान अंगाचा भार तरी सुटला. बोटावरचे वेढे काही निघेनात, ते कातडीत रुतले होते आणि बोट जांभळं पडलं होतं. तसंच उचलून डॉक्टरांकडे नेलं. निघताना हट पिशवीत टाकला ते बरं झालं.

डॉक्टरांनी दोरा काढला, बोट वाचलं, नख तेवढं वाकडं राहिलंय. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्यांनी तो हट आतून बाहेर उलटा केला आणि मला दाखवला. आतल्या बाजूला, जिथे ढब्बू डोकं टेकवून झोपायचा तिथे, पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा पूर्ण टक्कल, फर नाहीच. म्हणाले "ही फर कुठे गेली?" मी म्हटलं झिजली असेल. ते म्हणाले "झिजली असती तर खालच्या ट्रेमध्ये पडली असती ना. दिसली कधी?" रोज सकाळी ट्रेचा कागद मी स्वतः बदलते. एकदासुद्धा फर दिसली नव्हती. म्हणजे ती सगळी त्याच्या पोटात गेली होती. साध्या एक्सरेमध्ये कापडाचे तंतू नीट दिसत नाहीत म्हणून बेरियम पाजून फोटो काढले, नशिबाने पुढची वाट मोकळी होती, पण पुढचे चार-पाच दिवस विष्ठेत करडे तंतू येत होते.

आता हे नेमकं काय होतं ते समजून घ्या. पोपटवर्गातल्या पक्ष्याला कुरतडणं हे श्वास घेण्यासारखं आहे, जे समोर येईल ते चोचीने उकलणार. बरेच पक्षी कुरतडून टाकून देतात, पण मऊ तंतू जिभेला चिकटतात आणि गिळले जातात. शिवाय ते पिसांना चिकटतात आणि पिसं साफ करताना पुन्हा तोंडात जातात. तंतू पचत नाहीत. गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत, ज्याला क्रॉप म्हणतात, किंवा त्याच्या पुढे जठरात ते साठत जातात, दाण्याबरोबर गुंतून गोळा होतो, आणि एक दिवस अन्न पुढे सरकत नाही. हे एका दिवसात होत नाही, महिनोन्महिने चाललेलं असतं आणि पक्षी वरून ठणठणीत दिसतो, कारण आजारपण लपवणं हा पक्ष्यांचा स्वभावच आहे, कळपात जो दुबळा दिसतो तो आधी शिकाऱ्याच्या तोंडी जातो.

"माझा चावत नाही हो" हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. मीपण हेच म्हणायचे. अंधारात, हटच्या आत, तुम्ही झोपलेले असताना तो काय करतो ते तुम्ही बघितलेलं नसतं. आज रात्रीच हट काढून आतून उलटा करा, उजेडात धरा, बोट फिरवा. शिवण उसवलीये का, धाग्याचे फास लोंबतायत का, फर कुठे विरळ झालीये का. फ्लीसचा असेल तर "त्याला धागे नसतात" म्हणून विकतात, पण फ्लीसचेही चावून लचके निघतात आणि कडेची शिलाई शेवटी दोऱ्याचीच असते. धुऊन धुऊन तर तो अजून लवकर उसवतो, आणि न धुवावा तर पुण्याच्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये आत विष्ठा, ओल, बुरशी, आणि बुरशी पक्ष्याच्या फुप्फुसाला फार वाईट. म्हणजे कसाही वापरला तरी त्रासच.

दुसरा प्रकार वागण्याचा आहे आणि तो बऱ्याच जणांना हटशी जोडताच येत नाही. अंधारी, बंद, उबदार, अंगाला घट्ट बसणारी जागा म्हणजे पोपटासाठी घरटं. विद्यापीठाच्या आवारात जुन्या झाडांवर आपले हिरवे पोपट बघा, साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत जोड्या ढोलीपाशी घुटमळताना दिसतात कारण तो त्यांचा विणीचा काळ, पण एरवी संध्याकाळी थवेच्या थवे झाडावर येऊन फांद्यांवरच झोपतात. (देशी पोपट झाडावरच बघायचे बरं का, १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे ते पाळणं गुन्हा आहे. आणि कोन्यूरसारखे बाहेरचे पक्षी पाळत असाल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करून घ्या.) कोन्यूरवाले लगेच म्हणतील की आमचे तर जंगलातसुद्धा ढोलीत झोपतात. खरंय, ग्रीन चीकच्या जातीतले काही पक्षी ढोलीत रात्र काढतात. पण त्या ढोलीत नायलॉन नसतो, आणि जंगलात ऋतूप्रमाणे खाणं कमीजास्त होतं म्हणून शरीराला कळतं की आता वीण नको. आपल्या घरात बाराही महिने भरलेली वाटी, रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट आणि त्यात हट म्हटल्यावर शरीराला बाराही महिने विणीचाच हंगाम वाटतो.

मग काय होतं, तर कालपर्यंत खांद्यावर बसणारा पक्षी पिंजऱ्यात हात घातला की तुटून पडतो. ढब्बू हटच्या तोंडाशी बसून माझ्या नवऱ्याचं बोट रक्त येईपर्यंत चावायचा आणि आम्ही म्हणायचो वयात आलाय. मादी असेल तर गोष्ट जास्त गंभीर, नर नसतानासुद्धा ती अंडी घालते, एकामागून एक घालत राहते, शरीरातलं कॅल्शियम संपतं, आणि अंडं आत अडकलं तर जीव जातो. कॉकाटील, लव्हबर्ड आणि बजरीगर माद्यांमध्ये हे फार होतं. पेट शॉपवाले बजरीगरबरोबर जे मडकं देतात ना, ते झोपायचं घर नाहीये, ते अंड्यांचं मडकं आहे. पिल्लं नको असतील तर तेही काढा.

आता काढायचा कसा ते.

जर दोरे सुटलेत, फर गेलीये, किंवा पक्षी हटसाठी चावतोय किंवा अंडी घालायच्या बेतात दिसतोय तर हळूहळू वगैरे काही नाही, आजच काढा. दोन-चार रात्री आरडाओरडा होईल तो सहन करा. अंडी घालून झाली असतील तर मात्र लगेच सगळं उचलू नका, अंडी गेली की ती परत घालते, तेव्हा डॉक्टरांना विचारून करा.

बाकी हट धड असेल तर साधारण दोन आठवडे धरा. सुट्टीला लागून सुरुवात करा म्हणजे झोप मोडली तरी दुसऱ्या दिवशी ऑफिस नसेल. पहिले चार-पाच दिवस हट फक्त रात्रीपुरता लावायचा, सकाळी पक्षी बाहेर आला की काढून नजरेआड. त्याच वेळी हट जिथे टांगलेला असतो त्याच कोपऱ्यात, त्याच उंचीवर एक चांगली फांदी बसवा, कारण पोपटाला झोपायला पिंजऱ्यातली सगळ्यात उंच जागाच हवी असते. पेरूची किंवा कडुनिंबाची फांदी उत्तम, औषध न फवारलेल्या झाडाची, घासून धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवलेली. कोन्यूरला अंगठ्याएवढी जाड बास, बोटं पूर्ण फिरून एकमेकांना टेकायला नकोत. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी असते. दुकानातला तो रंगीत दोरीचा वाकणारा पर्च, म्हणजे बसायची दांडी, तीसुद्धा नको, त्याचेही तेच धागे आणि तेच फास.

फांदीच्या शेजारी मी एक सपाट फळी पण लावलीये, चार इंच रुंद, सुताराकडून पाइनवूडचा उरलेला तुकडा आणला, प्लायवूड घेतलं नाही कारण त्यात गोंद असतो आणि हा कुरतडणार. थंडीत पक्षी फळीवर पोट टेकवून बसतो, पाय पिसांखाली झाकले जातात, ढब्बूला हट सोडवण्यात निम्मं काम त्या फळीने केलं.

दुसऱ्या आठवड्यात हट रात्रीही नाही. त्याऐवजी पिंजऱ्याची पाठ, तो कोपरा असलेली बाजू आणि वरचा भाग बाहेरून झाका म्हणजे आडोसा मिळतो पण बीळ होत नाही. रोज ठरलेल्या वेळी, संध्याकाळी साडेसात-आठला अंधार करा, या पक्ष्यांना दहा ते बारा तास झोप लागते आणि टीव्हीच्या हॉलमध्ये ती मिळत नाही, पिंजरा आतल्या खोलीत न्या. पहिल्या रात्री ढब्बू चाळीस मिनिटं ओरडला, हट असायचा तिथल्या सळया चोचीने खडखडवत होता, मला फार वाईट वाटलं. मी अंधारात खुर्ची टाकून बसले आणि हळू आवाजात बोलत राहिले, पण हट परत दिला नाही. एकदा ओरडल्यावर दिलात की तो शिकतो की चाळीस मिनिटं ओरडलं की मिळतो. तिसऱ्या रात्री दहा मिनिटं, सहाव्या रात्री काहीच नाही, फांदीवर एक पाय पोटात घेऊन आणि मान पाठीत खुपसून गाढ झोपला. महिन्याभरात चावणंही कमी झालं.

हटच्या जागी नारळाची करवंटी, खोका, टोपली, लाकडी घर असलं काही आणू नका. दोऱ्याचा धोका जाईल पण घरट्याचा राहीलच, आणि करवंटीला तर काथ्याचे तंतूही असतात.

थंडीचं काय, हा प्रश्न सासूबाईंनी मला त्या आठवड्यात रोज विचारला. निरोगी, पूर्ण पिसं आलेल्या पक्ष्याचं पांघरूण त्याच्या अंगावरच असतं. त्याचं शरीर आपल्यापेक्षा गरम, ४० डिग्रीच्या वर, आणि पिसं फुगवली की आत हवेचा थर धरला जातो. त्याला बाधतो तो वारा. म्हणून पिंजरा खिडकी, बाल्कनीचं स्लायडिंग आणि दरवाजा यांच्या रेषेतून हलवा, आतल्या भिंतीला लावा, उंचावर ठेवा, पुण्यातल्या थंडीला बहुतेक वेळा एवढं पुरतं. पिल्लू, म्हातारा, आजारी किंवा पिसं उपटलेला पक्षी असेल तर मात्र उष्णता द्यावी लागते. त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिकचा हीट बल्ब मिळतो, तो पिंजऱ्याच्या बाहेर, एकाच बाजूला, चोच आणि पाय पोचणार नाही इतक्या अंतरावर, म्हणजे गरम झालं तर पक्ष्याला दुसऱ्या बाजूला सरकता येतं. शेजारी थर्मामीटर ठेवा. बल्ब किंवा रूम हीटर घेताना त्यावर टेफ्लॉनसारखं कोटिंग नाही ना एवढं नक्की विचारा, ते तापल्यावर जो वायू निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतात, जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्यानेही हेच होतं. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत माणसालाही घातक. आणि पक्षी असलेल्या खोलीत मच्छर कॉइल, धूप, कापूर बंद, आमच्याकडे संध्याकाळचा धूप आता देवघराचं दार लावून, खिडकी उघडून होतो.

झाकायला कापड घ्याल ते घट्ट विणीचं, सुती, चारी बाजूंनी दुमडून शिवलेलं. सासूबाईंनी प्रेमाने त्यांची जुनी इरकल दिली होती, पण पदराचे सुटे धागे त्याने पहिल्याच रात्री सळयांमधून आत ओढून घेतले. त्यामुळे आता जाड चादर आहे, आणि ती सळयांना चिकटू नये म्हणून पिंजऱ्यावर दोन लाकडी पट्ट्या आडव्या टाकून त्यावरून सोडलीये. पुढची बाजू उघडी. कॉकाटील असेल तर मंद नाइट लॅम्प ठेवा, ते अंधारात दचकून पंख आपटतात, दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने तर हमखास.

आणि तोपर्यंत काही झालंच तर. दोरा गुंडाळलेला दिसला तर ओढू नका, आधी पक्ष्याचा भार हातावर घ्या, मग दोरा हटपासून कापा, बोटावरचे वेढे सहज सुटत नसतील तर घरी खेळत बसू नका. बोटाचा रंग बदलला असेल तर एकेक तास महत्त्वाचा. धागा गिळल्याची शंका असेल तर एरंडेल, तूप, पाणी यातलं काही चोचीत ओतू नका, ते श्वासनलिकेत गेलं तर मूळ दुखण्याच्या आधी तेच मारेल. पक्षी पिसं फुगवून दिवसाही झोपतोय, विष्ठा कमी झालीये, खाल्लेलं ओकतोय, सकाळी उठल्यावरही गळ्याची पिशवी भरलेली लागतेय, तर त्याच दिवशी डॉक्टर. मादी पिंजऱ्याच्या तळाशी बसून कुंथतेय आणि शेपूट वरखाली होतंय, तर त्याच तासाला. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे, पक्षी बघणारे थोडेच, त्यामुळे आजच दोन-तीन ठिकाणी फोन करून पक्षी बघता का, रविवारी बघता का, रात्री बघता का एवढं विचारून नंबर सेव्ह करून ठेवा.

ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर दर आठवड्याला सकाळी, खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. ढब्बू ६८ चा आहे, दहा टक्के म्हणजे जेमतेम सात ग्रॅम, ते डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसतं, आणि तेवढं उतरलं तर थांबायचं नाही.

काढलेला हट कुठल्याही पक्षीवाल्याला देऊ नका, चांगला दिसत असला तरी. मांजराच्या पिल्लालाही नको, दोरा त्यांच्याही आतड्यात अडकतो. आमचा मी मधोमध उभा कापला, दोन्ही हुक काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना सुक्या कचऱ्यात दिला. त्या हुकांवर आता ढब्बूची मिरचीची माळ टांगलेली असते.